पायाशी फेकलेली झांज

धुळे, १० डिसेंबर २०२३

आदरणीय जीवराम नाना,

नमस्कार. मी नवल. सावद्याला तुमच्या नातीच्या, ऋतिकाताईच्या लग्नात साइड ड्रम वाजवणारा. पूर्ण मिरवणूकभर तुम्ही आमच्या बँडच्या गाडीला चिकटून चालत होतात. शेवटी लग्नपत्रिकेच्या मागे जळगावचा पत्ता लिहून माझ्या खिशात कोंबलात आणि म्हणालात, "परदेशात तुझ्या जातीचे लोक आहेत, जॅझवाले. त्यांची नावं हवी असतील तर पत्र लिही. फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही."

सात महिने ती पत्रिका तशीच पडून होती. सध्या मी घरीच बसून आहे, पिंपळनेरला. मोटारसायकलवरून पडलो, उजव्या हाताला लागलं. बँडमालकांनी दुसरा माणूस घेतला आहे. हाताला काम नसलं की डोकं वाईट चालतं, म्हणून म्हटलं कान तरी कामाला लावू. पत्र टाकायला तेवढा धुळ्याला आलो आहे. पत्ता मात्र घरचा लिहितो.

कुणाला ऐकू, ते सांगा. मला इंग्रजी येत नाही, पण ड्रमला भाषा लागत नसेल असं धरून चालतो.

तुमचा,
नवल


जळगाव, १६ डिसेंबर २०२३

चि. नवल यास आशीर्वाद,

पत्र मिळालं. अक्षर दळभद्री आहे. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखं. पुढचं पत्र सावकाश लिही, मी कुठे पळून जात नाही.

आधी माझी ओळख करून घे, म्हणजे हा म्हातारा कोणत्या तोंडानं बोलतो ते कळेल. मी चौतीस वर्षं रेल्वेत होतो, त्यातली बरीच इंजिन चालवण्यात गेली. त्या नोकरीत कान गेले. डाव्यानं पूर्ण रजा घेतली आहे, उजवा मर्जी असेल तेव्हा येतो. पण भुसावळला असताना रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये लोबो नावाचे एक गार्डसाहेब होते. त्यांच्याकडे तबकड्या होत्या आणि एक ड्रमसेट होता. ड्यूटीवरून आलो की अंघोळ न करता तिथे जाऊन बसायचो. शनिवारच्या नाचाला सहा वर्षं मी ड्रम वाजवला. तेव्हा पन्नासएक तबकड्या मनात बसल्या, आता त्याच ऐकतो. म्हणजे तुला जे सांगतो आहे ते सगळं आठवणीतून.

सुरुवात जो जोन्सपासून कर. लोक त्याला पापा जो म्हणायचे. दोन झांजा एका दांडीवर बसवलेल्या असतात, पायानं मिटतात-उघडतात, तेवढ्यावर तो माणूस आख्खा बँड चालवायचा. चेहऱ्यावर हसू, हात लोण्यासारखा. पण राग आला तर वाईट. चार्ली पार्कर नावाचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा सॅक्सोफोन घेऊन मोठ्यांच्या मैफलीत घुसला आणि मध्येच चुकला. पापा जोनं स्टँडवरची झांज काढली आणि त्याच्या पायाशी फेकून मारली. फरशीवर अशी आपटली की सगळे हसायला लागले. पोरगं मान खाली घालून निघून गेलं. पुढे तोच पोरगा सगळ्यांचा बाप झाला, असं सांगतात. लोबोसाहेब ही गोष्ट सांगताना दर वेळी थाळी आपटायचे.

मग आर्ट ब्लेकी ऐक. त्याच्या हातात जो रोल आहे, दोन्ही काठ्यांचा सलग गडगडाट, तो सुरू झाला की मागे डोंगर सरकतोय असं वाटतं. मॅक्स रोच त्यानंतर ऐक, घाई करू नकोस. तो ड्रमवर गाणं म्हणतो. बाकीची नावं, ही तीन पचल्यावर.

जीवराम फिरके


पिंपळनेर, ३ जानेवारी २०२४

आदरणीय नाना,

अक्षराबद्दल माफी. डाव्या हातानं लिहितो आहे.

पापा जो ऐकला. मोबाइलवर, कानात वायर घालून. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. ड्रमवाला वाजवतोय की नुसता बसलाय, असं वाटलं. चौथ्या दिवशी कळलं की तो जागा सोडतो. आपल्याकडे वरातीत जागा सोडली की नाचणारे शिव्या देतात.

ब्लेकी ऐकताना कोकिळा, म्हणजे माझी बायको, भाकरी करत होती. एक वायर तिच्या कानात घातली. ती म्हणाली, "हाऊ माणूस कोनवर तरी चिडेल शे." मला तोच सगळ्यात आवडला.

ती झांजेची गोष्ट मी दोनदा वाचली. नुसती पायाशी फेकली आणि तो निघून गेला? परत भांडायला नाही आला?

एक विचारायचं होतं. डावा हात उजव्याइतका जोरकस असलेला कुणी आहे का? आणि न थकता वाजवणारा? तास-दीड तास, समोरचा थकेपर्यंत? अशा माणसाचं नाव सांगा.

तुमचा,
नवल


जळगाव, ९ जानेवारी २०२४

चि. नवल,

तुझ्या बायकोला कान आहेत. तिला म्हणावं, म्हातारा खूश झाला.

डाव्या हातासाठी एल्विन जोन्स. जो जोन्सचा कुणी नाही, नुसतं आडनाव सारखं. त्याचे दोन हात आणि दोन पाय चार वेगवेगळी भांडणं करत असतात, आणि तरी घर एक राहतं. ऐकून चक्कर येईल, येऊ दे.

आणि एक ड्रमर नसलेला माणूस सांगतो. जँगो राइनहार्ट, गिटारवाला. गाडीत आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं जे केलं, ते दहा बोटांच्या माणसांना जमलं नाही. हात दुखावलेल्या माणसानं त्याला ऐकल्याशिवाय रडू नये.

रोज सकाळी उशीवर डाव्या हातानं वाजव. उशी उसळी देत नाही, त्यामुळे मनगट खोटं बोलू शकत नाही. आणि समोर दुसरा वाजवणारा असेल तर त्याच्या हाताकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं. हात दिखावा करतात. माणूस दमला, घाबरला, घाईला आला, ते आधी पायात दिसतं. हे मला लोबोसाहेबांनी शिकवलं, मी तुला देतो.

आता तू मला सांग. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाचे गुडघे फुटतात, कोपरं सोलतात. तुझा फक्त हातच कसा गेला? आणि समोरचा थकेपर्यंत म्हणजे कोण समोरचा? मी बहिरा आहे, मूर्ख नाही. खरं लिहिणार असलास तर लिही, नाहीतर नावं बंद.

जीवराम नाना


पिंपळनेर, २८ जानेवारी २०२४

आदरणीय नाना,

खरं लिहितो.

आमच्याकडे दोन वराती एका रस्त्यावर समोरासमोर आल्या की कुणीच मागे जात नाही. नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवाकडे निघालेला असतो, त्याला मागे फिरवणं अपशकुन. मग दोन्ही बँड तोंडासमोर उभे राहतात आणि वाजवतात. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. ज्याचा ड्रम आधी थांबेल, त्याच्या नवरदेवाचं घोडं बाजूला होणार.

२७ नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता साक्रीच्या बाजूला एका गावात असं झालं. समोर हिलाल मास्तरचा बँड. हिलाल तोताराम वाघ. चाळिशीचा माणूस, छातीवर ढोल, आमच्या भागात त्याला कुणी थांबवलेलं नाही. मी त्याला पस्तीस मिनिटं धरून ठेवला. तो दमला होता, नाना. मला दिसत होतं.

मग त्याच्या दोन माणसांनी मला मागून धरलं. एकानं माझा उजवा हात आमच्या गाडीच्या लोखंडी कठड्यावर दाबून ठेवला. हिलालनं छातीवरचा ढोल काढला नाही. तसाच पुढे आला, म्हणाला, "बाजू व्हय सांग ना तुले," आणि लोखंडी पाइप तीनदा मारला. दुसऱ्या फटक्याला हाडाचा आवाज मी ऐकला. लोक शिट्ट्या वाजवत होते. त्यांना वाटलं, खेळ चाललाय. मग आमच्या नवरदेवाचं घोडं बाजूला झालं आणि त्यांची वरात माझ्या अंगावरून गेल्यासारखी पुढे गेली. जाताना तो वाजवतच होता.

मधली दोन बोटं आता वळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, लिहिता येईल, वाजवता येणार नाही. पोलिसांत गेलो नाही. हंगामात पोलिसांत गेलेल्या बँडवाल्याला कुणी सुपारी देत नाही. हिलाल अजून वाजवतोय. रोज कुठून तरी त्याचा ढोल ऐकू येतो, नसला तरी ऐकू येतो.

नवल


जळगाव, २ फेब्रुवारी २०२४

नवल,

तुझं पत्र वाचून माझं टाळकं फिरलं. सून चहा घेऊन आली, तिच्यावर ओरडलो. हात ठेचायचा! वाजवणाऱ्याचा! त्यापेक्षा मान कापली असती तर माणुसकी झाली असती. मी इंजिनाखाली आलेली माणसं पाहिली आहेत, तेव्हाही घरी येऊन जेवलो होतो, आज ताट परत पाठवलं.

ऐक. चिक वेब नावाचा ड्रमर होता. पाठीच्या कण्याला क्षय, कुबड निघालेलं, उंची दहा वर्षांच्या पोराएवढी. त्याच्यासाठी ड्रम उंच चौथऱ्यावर ठेवायला लागायचे. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या नाचघरात दोन बँडांची लढत लावली. हजारो माणसं, बाहेर रस्ता बंद. तुमच्या वरातीसारखंच बघ. समोर बेनी गुडमनचा बँड आणि ड्रमवर जीन क्रूपा. देखणा, धट्टाकट्टा, देशभर नाव झालेला. या कुबड्यानं त्याला त्या दिवशी असा झोडपला की पुन्हा कुणी विचारलं नाही, मोठा कोण. हाडं त्याला साथ देत नव्हती, पण तो थांबला नाही.

तुझा डावा हात शाबूत आहे ना? मग रडगाणं बंद कर. उशी फाटेपर्यंत वाजव. पुन्हा तो हिलाल समोर येईल, यायलाच पाहिजे. त्या दिवशी त्याची माणसं जवळ आली तर पापा जोनं काय केलं ते आठव. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेव. काहीही झालं तरी तू आधी थांबायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. त्याला त्या रस्त्यात आडवा झालेला बघ, मगच काठी खाली ठेव.

तुझा नाना


पिंपळनेर, १४ मार्च २०२४

आदरणीय नाना,

तुमचं पत्र मी घडी घालून जवळ ठेवतो. माझ्या बापानं माझ्यासाठी कुणावर असा राग काढला नव्हता.

दोन उशा फाटल्या. कोकिळा म्हणते, तिसरी शिवून देणार नाही, दगडावर वाजव. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत काठी अडकवून त्यावर चामड्याचा पट्टा बांधतो. त्या हातानं नुसता ठेका धरतो, बाकी सगळं डावा करतो. चिक वेब रोज ऐकतो. माणूस कुबडा होता हे कानाला कळत नाही.

बँडमालकांनी परत घेतलं. २२ एप्रिलला पिंपळनेरलाच दोन मोठी लग्नं आहेत, एकाच मुहूर्तावर. दुसऱ्या लग्नात हिलाल. रस्ता एकच, दोन्ही वराती समोरासमोरून येणार.

नवल


जळगाव, २० मार्च २०२४

चि. नवल,

शाब्बास. पायाकडे बघ, हे विसरू नकोस. आदल्या दिवशी ब्लेकी ऐक आणि शांत झोप. मी तिथे असायला हवा होतो, पण नातवंडं सोडत नाहीत. काय झालं ते सविस्तर लिही. मला ऐकू येत नाही, निदान वाचायला तरी मिळू दे.

नाना


जळगाव, १० मे २०२४

चि. नवल,

अठरा दिवस झाले. पोस्टमनला रोज पिडतो आहे. हरलास का? हरलास तरी लिही, मी रागावणार नाही. काळजी वाटते.

नाना


पिंपळनेर, १९ मे २०२४

आदरणीय नाना यांस कोकिळाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. ते लिहू शकत नाहीत म्हणून मी लिहिते. मी दहावीपर्यंत शिकले आहे, चूकभूल माफ करा.

हिलाल मास्तर वारले. २२ तारखेला संध्याकाळी, पिंपळनेरला, रस्त्यातच. हे धुळ्याच्या कारागृहात आहेत.

दोन्ही वराती समोर आल्या, अर्धा तास वाजवणं चाललं. मग त्यांची माणसं पाइप घेऊन गाडीकडे यायला लागली. यांनी स्टँडवरची झांज काढून हिलाल मास्तरांच्या पायाशी फेकली. झांज जुनी होती, कड चिरलेली. डांबरावर आपटून कडेवर उसळली आणि आपल्या माणसांकडे वळलेल्या मास्तरांच्या गुडघ्याच्या मागे लागली. तिथली मोठी शीर तुटली. ते पुढे बराच वेळ वाजवत राहिले आणि मग पडले. बँडची लाल पँट, त्यात रक्त कुणाला दिसलंच नाही. पडल्यावर लोकांनी उचललं तेव्हा ढोलाच्या आतपर्यंत रक्त होतं म्हणे. डॉक्टर चौकाच्या पलीकडेच होते, पण तोवर संपलं होतं.

मग जमाव यांच्यावर आला. तीन बरगड्या, समोरचे दात गेले, गाडी पेटवून दिली. पोलीस आले नसते तर मीही आज पांढऱ्या कपाळानं बसले असते, हिलाल मास्तरांच्या सुनिताताईंसारखी.

वकील म्हणतात, खुनाचा हेतू नव्हता हे दाखवता येईल. तुमची पत्रं मी पेटीतून काढून त्यांना दिली. १६ डिसेंबरच्या पत्रातली पायाशी फेकलेल्या झांजेची गोष्ट वाचून ते फार खूश झाले. म्हणाले, हा माणूस नुसता हटकायला गेला होता, मारायला नाही, याचा लेखी पुरावाच आहे. तुम्ही कोर्टात येऊन, हे पत्र मीच लिहिलं, एवढं सांगाल का? ते सुटतील असं वकिलांना वाटतं.

२ फेब्रुवारीचं पत्र मात्र मी दिलं नाही. ते यांच्या खिशात होतं, लोकांनी कपडे फाडले तेव्हा रस्त्यावर पडलं, मी उचललं. वकिलांना माहीत नाही. ते ठेवू का जाळू, हे तुम्हीच सांगा.

कोकिळा


जळगाव, २४ मे २०२४

चि. सौ. कोकिळा हीस आशीर्वाद,

पत्र तीनदा वाचलं. थोडक्यात लिहितो.

मी येईन. तारीख कळव, गाडी करून येईन. पत्र माझंच आहे, गोष्ट माझीच आहे, पायाशीच फेकली होती, हे शपथेवर सांगेन. अपघात तो अपघात. कड चिरलेली निघाली त्याला कोण काय करणार?

२ फेब्रुवारीच्या पत्रात एका म्हाताऱ्याचा राग आहे, दुसरं काही नाही. कोर्टाला त्याचं काय करायचं? तुला योग्य वाटेल ते कर.

जीवराम फिरके


पिंपळनेर, ३० ऑगस्ट २०२४

आदरणीय नाना,

मी परवा जामिनावर सुटलो. बरगड्या जुळल्या, दात नाहीत. तुमचं कोकिळाला आलेलं पत्र वाचलं. २ फेब्रुवारीचं पत्र तिनं जाळलं नाही. आता माझ्याकडे आहे.

तुम्ही माझ्यासाठी शपथ घेणार, तर ती कशावर घेणार ते तुम्हाला माहीत असायला हवं. हे वकिलांना माहीत नाही, कोकिळाला काल सांगितलं, आता तुम्हाला सांगतो.

झांज मी पायाशीच फेकली. यात खोटं नाही. झांज लागल्यावर त्याची माणसं मागे सरकली. हिलाल हसला, मान हलवली आणि वाजवायला लागला. आम्हीही.

लाल पँटीत रक्त कुणाला दिसलं नाही, असं सगळे म्हणतात. खरं आहे. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. मी पायाकडे बघत होतो. बँडवाल्यांचे बूट पांढरे असतात, नाना. त्याचा डावा बूट आधी नाडीपाशी लाल झाला, मग पुढून, मग पूर्ण. पाय उचलला की खाली ठसा राहायचा, आणि लगेच नाचणाऱ्यांच्या पायांत पुसला जायचा. मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं.

त्यालाही कळलं होतं. त्यानं एकदा खाली पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी पाहतोय हे त्यानं पाहिलं. मी काठी खाली ठेवली असती तर तो जिंकला असता आणि वाचला असता. त्यानं ठेवली असती तर हरला असता आणि वाचला असता. डॉक्टरची पाटी आम्हा दोघांनाही समोर दिसत होती. दोघांपैकी कुणीच थांबलं नाही.

व्हिडिओवाल्याच्या शूटिंगवरून पोलिसांनी वेळ काढली. झांज फेकल्यापासून तो पडेपर्यंत अकरा मिनिटं. शेवटी त्याचा ठेका ढिला पडायला लागला. तेव्हा मी लय वाढवली. तुम्हाला ठाऊक आहे, ढिल्या पडलेल्या माणसासमोर लय वाढवली की काय होतं. तो ढोलावरच ओणवा पडला. मी त्यानंतरही चार ठोके मारले, म्हणजे लोकांना कळावं की आधी कोण थांबलं.

अकरा मिनिटं माझ्या डोक्यात तुमचं एकच वाक्य चाललं होतं. दोष देत नाही. हात माझे होते.

वकील सांगतात, तोंड उघडू नकोस, सुटशील. डिसेंबरमध्ये कोर्ट विचारेल, गुन्हा कबूल आहे का. काय सांगू?

नवल


जळगाव, ११ सप्टेंबर २०२४

नवल,

दहा दिवस मी या कागदासमोर बसतो आणि उठतो. सुनेला वाटतं, तब्येत बिघडली. बिघडलीच आहे.

तुला चिक वेबची गोष्ट मी अर्धी सांगितली. विसरलो नव्हतो. मुद्दाम अर्धी सांगितली. लढत संपली तेव्हा तो हरलेला जीन क्रूपा ड्रमवरून उठला आणि सगळ्या लोकांदेखत त्या कुबड्यासमोर कमरेत वाकला. मग दोघंही आपापल्या घरी गेले. पुढे दोघंही वाजवत राहिले. लोबोसाहेब ही गोष्ट सांगायचे ती त्या वाकण्यासाठी. झोडपलं-बिडपलं हे सगळं त्याच्या आधीचं. मी रागात होतो. तुला वाकणारा माणूस दाखवावासा वाटला नाही, म्हणून खाऊन टाकला. तुझ्या हातात मी मुंडकं नसलेली गोष्ट दिली आणि वर म्हटलं, आडवा झालेला बघ.

आणि तुझ्या बायकोनं विचारलं, पत्र ठेवू का जाळू, तेव्हा मी लिहिलं, तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे जाळ. एका बाईच्या हातानं माझं पाप जाळून घ्यायला निघालो होतो. तिनं जाळलं नाही, हे माझ्यावर उपकार.

माझा डावा कान तर गेलाच आहे. परवा उजवा कान लावून घरातल्या मिक्सरचा आवाज ऐकू येतो का बघत होतो. अकरा मिनिटं घड्याळ लावून उभा राहिलो. किती वेळ असतो रे तो! चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतो आणि तरी उरतो.

मी कोर्टात येईन. दोन्ही पत्रं वाचून दाखवीन, डिसेंबरचंही आणि फेब्रुवारीचंही. वकिलांना आवडणार नाही, त्यांना तसं कळवलं आहे. माझ्यावर काय कलम लावायचं ते लावू देत, सत्तरी उलटलेल्या माणसाकडून ते काय घेणार.

तू काय सांगावंस, हे मात्र मला विचारू नकोस. एकदा सांगितलं होतं.

जीवराम


कारागृह, धुळे, २१ डिसेंबर २०२४

आदरणीय नाना,

तुमची साक्ष लागलीच नाही, त्याबद्दल माफी मागतो. तुम्ही जळगावहून निघण्याआधीच सगळं झालं.

१७ तारखेला न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला, सदोष मनुष्यवधाचा, आणि विचारलं, कबूल आहे का. मी हो म्हणालो. वकिलांनी माझा दंड धरला. न्यायाधीश म्हणाले, "परिणाम समजतात का? घाई करू नका." मी म्हणालो, "समजतात, साहेब. घाई नाही." मग त्यांनी सांगू दिलं, आणि मी बुटाचं सांगितलं, अकरा मिनिटांचं, लय वाढवल्याचं, शेवटच्या चार ठोक्यांचं. फेब्रुवारीचं पत्र मी दिलं नाही. त्यात तुमचं नाव होतं, आणि त्या रस्त्यावर तुम्ही नव्हता. शिक्षा पुढच्या तारखेला सांगतील. वकील म्हणतात, सहा-सात वर्षं धर. कोकिळा रडली नाही. तिनं डबा आणला होता, तो आत नेऊ दिला नाही, मग बाहेरच्या बाकावर पोलिसाच्या साक्षीनं दोघांनी खाल्ला.

तिथेच सुनिताताई आल्या. हिलालच्या. कोर्टात शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, मला दिसल्या नव्हत्या. कोकिळा उठून उभी राहिली, तिला वाटलं, आता चप्पल काढणार. काढली असती तरी मी तोंड पुढे केलं असतं. त्या हातभर अंतरावर येऊन थांबल्या. शिव्या नाहीत, रडणं नाही. चेहरा नुसता सुकलेला.

म्हणाल्या, "एकच इचारस. शेवटले त्या हारनात का?"

पोलीसही माझ्याकडे बघायला लागला. आताच आत मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तो पडल्यावर मी चार ठोके जास्त मारले. त्यांना ते कळलं नव्हतं, किंवा कळूनही माझ्या तोंडून दुसरं काही हवं होतं, मला ठाऊक नाही.

मी उठलो. वाकलो. हातकडी होती, तरी जेवढं वाकता येईल तेवढं वाकलो. म्हणालो, "नही, वहिनी. पहिले मीच थांबनू. मास्तर वाजाडतच व्हतात."

त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि बसस्टँडकडे चालायला लागल्या.

कोर्टात खरं बोललो, नाना. बाहेर एवढं एक खोटं बोललो.

नवल